मधली फट

मज्जातंतू म्हणजे शरीरातली विजेची तार, असं आपण सर्रास म्हणतो. ही उपमा अर्धीच खरी आहे. चेतापेशीच्या अंगावरून संदेश धावतो तो विजेच्याच रूपात. पण टोकाशी तार संपते. पुढच्या पेशीपर्यंत बहुतेक ठिकाणी फट असते, मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी, आणि ती ओलांडतं एखादं रसायन. वरवर ही अडचण वाटते. मला मात्र ती मेंदूची सर्वांत मोठी सोय वाटते.

रसायनाचा पुरावा 1921 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे ऑटो लोवी यांनी दिला. बेडकाच्या धडधडत्या हृदयात क्षारद्रव भरून त्यांनी व्हेगस ही नस चेतवली. हृदय मंदावलं. मग तोच द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर नसेला हातही न लावता तेही मंदावलं. दोन्ही हृदयांमध्ये तार नव्हतीच. एकातून दुसऱ्यात गेला होता फक्त द्रव. पण हृदयाचं काम सावकाशीचं. चटका बसताच हात झटकन मागे येतो, तिथे रसायनाला सवड कुठली? फट वीजच ओलांडते असं मानणारे शास्त्रज्ञ जॉन एकल्स यांनी हा रास्त आक्षेप वर्षानुवर्षं लावून धरला. अखेर 1951 मध्ये न्यूझीलंडमधल्या डनेडिनला त्यांनीच मांजराच्या मज्जारज्जूतल्या पेशीत अतिसूक्ष्म काचनळी घातली. पेशीला आवरणारा संदेश आला, तेव्हा आतला विद्युतदाब त्यांच्या स्वतःच्या सिद्धांताच्या उलट दिशेला सरकला. एकल्सनी आपलं मत सोडून दिलं. ही घटना मला लोवींच्या प्रयोगाइतकीच मोलाची वाटते.

कोणी म्हणेल, पेशींमध्ये विजेचे थेट जोडही असतात, 1959 मध्ये ते गोड्या पाण्यातल्या शेवंड्यासारख्या प्राण्यात सिद्ध झाले; मग सगळीकडे तेच का नाहीत? रसायनाला वेळ लागतो हे खरंच, पण तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. तेवढ्या विलंबाच्या बदल्यात फार मोठं काही पदरात पडतं. थेट जोडातून विजेचा प्रवाह पलीकडे झिरपतो इतकंच. फटीत मात्र एक रसायन पेशीला उठवतं, दुसरं थोपवतं, आणि हजारो टोकांकडून आलेल्या होकार-नकारांची बेरीज करून पेशी पुढचं ठरवते. सरावाने त्यातली काही टोकं बळकट होतात. शिकणं घडतं ते बरंचसं इथे. या नकाराची किंमत धनुर्वातात दिसते. त्या जंतूचं विष मज्जारज्जूत थोपवणारं रसायनच बाहेर पडू देत नाही. तारा शाबूत असतात, स्नायूही धडधाकट असतात. तरी जबडा मिटतो, पाठ धनुष्यासारखी ताणली जाते आणि ती सैल करणारा निरोप फटीपलीकडे पोचतच नाही.