टाळ-पेटीच्या साथीने उपासना



प्रोटेस्टंट मंडळींत उपासनेला नवा श्वास कसा मिळतो, याचं एक सुंदर उदाहरण आपल्या अहमदनगरचं, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचं आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं गायली जात. शब्द मराठी, पण हेल परका. इंग्रजी गीत शब्दांतल्या आघातांवर चालतं. मराठी छंद अक्षरं आणि मात्रा मोजतो. त्यामुळे ओळ चालीत बसली, तरी जिभेला अडखळायची.

1895 साली बाप्तिस्मा घेतलेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ही अडचण ओळखली. ज्ञानोबा-तुकोबांची वाट त्यांना परकी नव्हती. त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि ओवीत आणली. मोठ्या अभंगाचं माप पाहा: पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. वाचता न येणाऱ्या आजीलाही दोनदा ऐकून पाठ होईल, इतकं ते सोपं.

‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांची अनेक गीतं आहेत. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं अपुरं राहिलेलं काव्य पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. आजही मराठी चर्चमध्ये पेटीवर सूर धरला जातो, तबला लागतो, टाळ वाजतो आणि मागच्या बाकावरचा माणूसही गाऊ लागतो.

नवेपण म्हणजे केवळ नवी वाद्यं नव्हेत. प्रार्थना आपल्या माणसांच्या ओठांवर सहज यावी, हेच खरं नूतनीकरण.