अठरा वर्षांनंतरचं घर

(मुलुंड येथील पालक सभेतील भाषण)



‘आमच्या माघारी याचं कोण?’ बौद्धिक दिव्यांग मुलांचे आईवडील मला हेच विचारतात. मी त्यांना अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरबद्दल सांगतो. तिथे शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मात्र अठरा वर्षांनंतरही या मुलांना आश्रमातच राहू द्या, असा कायदा ते वर्षानुवर्षं मागत आले आहेत.

वय वाढलं म्हणून आधाराची गरज सरत नाही. तेव्हा निवासी संस्था पाहायला जाल, तर रंगवलेल्या भिंती पाहून परतू नका. तिथल्या मोठ्या मुलांना विचारा: आज काय काम केलंत? रात्री भीती वाटली तर कुणाला हाक मारता? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं, तर ते घर समजा.