पाणी एक, कायदे दोन

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)

साथींनो,

लातूरची पाण्याची गाडी आपण विसरलेलो नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या. वाघिणी धुणारे आणि गाडी हाकणारे आपलेच कामगार होते. त्यांचा आपल्याला अभिमान आहे. पण एका शहराची तहान भागवायला रेल्वे का लागावी, हा प्रश्नही आपणच विचारला पाहिजे.

पाऊस कमी पडला, मांजरा धरण आटले, हे खरे. पण त्याच भागात उसासाठी बोअर खोल खोल जात होते. याचे मूळ कायद्यात आहे. नदी आणि धरणाच्या पाण्यावर सरकारचा ताबा. जमिनीखालचे पाणी मात्र १८८२ च्या इझमेंट अ‍ॅक्टपासून जमीनमालकाच्या हक्काचे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्या शेतमजुराला, खलाशाला, पोस्टमनला या पाण्यात वाटाच नाही.

निसर्गात अशी फाळणी नाही. कालव्याचे पाणी झिरपून विहिरीला येते. पावसाळा सरल्यावर नदी वाहते ती बरीचशी जमिनीतल्या पाझरावर. काठच्या विहिरींचा उपसा वाढला की नदी आटते. मग तेच पाणी एक खाते नदीत मोजते, दुसरे विहिरीत. हिशेबात पाणी दुप्पट आणि नळाला थेंब नाही!

कायदे झाले नाहीत असे नाही. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर नको, असे १९९३ च्या कायद्याने ठरवले. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. २००९ चा भूजल कायदा २०१४ मध्ये अमलात आला. त्याने अधिसूचित क्षेत्रात शेती व उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहिरींना मनाई केली आणि भूजलाची जबाबदारीही याच प्राधिकरणावर आली. कागदावर दोन्ही पाणी एका छताखाली आले. तरी दोन वर्षांच्या आत लातूरला गाडी न्यावी लागली. कारण धरणे जलसंपदा विभागाकडे आणि भूजल यंत्रणा पाणीपुरवठा विभागाकडे. केंद्रातही जल आयोग वेगळा, भूजल मंडळ वेगळे. दोन्ही एकत्र करा, अशी शिफारस मिहिर शहा समितीने २०१६ मध्ये केली होती.

म्हणून आपल्या मागण्या अशा :

१. प्रत्येक उपखोऱ्यात धरण, कालवा आणि विहिरी यांचा एकच ताळेबंद दरवर्षी जाहीर व्हावा.

२. पिण्याचे पाणी आधी बाजूला काढावे. उसाला उरलेल्यातून द्यावे.

३. कालव्याच्या पाझराने ज्यांच्या विहिरी भरतात, त्यांच्या पाळीतले पाणी शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला मिळावे.

४. पाणीवाटपाच्या समित्यांवर भूमिहीन आणि कामगारांचे प्रतिनिधी असावेत.

साथींनो, पुन्हा वेळ आली तर आपण पाण्याची गाडी नेऊच. पण ती वेळ येऊ नये यासाठी झगडणे, हेही संघटनेचेच काम आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!