‘जेकब जोन्स’ची आठ मिनिटे



आरमाराचा इतिहास कप्तानांच्या नावांनी भरलेला असतो. आम्हां कामगार चळवळीतल्यांची नजर मात्र हाताखालच्या माणसांवर जाते. ‘जेकब जोन्स’ ही अमेरिकन विनाशिका 1916 साली आरमारात दाखल झाली. 6 डिसेंबर 1917 रोजी ती फ्रान्समधील ब्रेस्टहून आयर्लंडमधील क्वीन्सटाऊनला परतत होती. ‘यू-53’ या जर्मन पाणबुडीच्या पाणतीराने ती फुटली आणि आठ मिनिटांत बुडाली. बिनतारी यंत्रणा निकामी झाल्यामुळे मदतीची हाकही देता आली नाही.

पण खरा घात पुढेच होता. पाणबुड्यांवर टाकायचे, ठराविक खोलीवर फुटणारे बॉम्ब तिच्या मागच्या टोकाला सज्ज होते. बोटीबरोबर तेही खाली गेले आणि पोहणाऱ्या आपल्याच खलाशांखाली फुटले! साठाहून अधिक माणसे गेली. हत्यार सज्ज ठेवण्याची तजवीज होती. बुडत्या बोटीवर ते निकामी करायला हातांना सवड मिळेल का, हे कोणी पाहिले होते?

आणि मदत धाडली कोणी? पाणबुडीचा कप्तान हान्स रोझ याने दोन जखमी खलाशी आपल्या बोटीत घेतले, आणि बाकीच्यांचा ठावठिकाणा बिनतारी संदेशाने क्वीन्सटाऊनला कळवला. ज्याने बुडवले, त्यानेच!

2022 साली सिली बेटांकडच्या समुद्रात, सुमारे 400 फूट खोल, तिचा सांगाडा सापडला. 2024 साली तिची घंटा वर काढण्यात आली.