मानेवरचा मळ

माहीम स्टेशनच्या पश्चिमेला माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. पूल ओलांडला की पलीकडे धारावी. माझ्या बाकावर दोन्हीकडची मुलं शेजारी शेजारी बसतात. तरीही बरीच वर्षं माझ्या डोक्यात एक सोपा नकाशा होता : रुळांच्या पश्चिमेला गुबगुबीत मुलं, पूर्वेला हडकुळी.

तो नकाशा एका आईने पुसला. धारावीतून नऊ वर्षांच्या मुलाला खोकला झाला म्हणून घेऊन आली होती. पोराचे हातपाय काटकुळे. तपासून झाल्यावर म्हणाली, “डॉक्टर, ह्याच्या मानेवरचा मळ काही केल्या जात नाही. वजरीनेसुद्धा घासलं.” तो मळ नव्हताच. मानेमागची कातडी अशी जाडसर, मखमलीसारखी काळी पडते, तेव्हा बहुतेक वेळा शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसतं. टेप लावली, तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली. हाच मुलगा आधी तीनदा येऊन गेला होता. प्रत्येक वेळी मी वजन पाहून सांगितलं होतं, “बारीक आहे, खाऊ घाला.”

खरं तर मला हे ठाऊक असायला हवं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी बरीचशी शाबूत. वरून हडकुळं, आतून लठ्ठ! अशा मुलाला थोडं वजन वाढलं तरी मधुमेह, रक्तदाब लवकर गाठतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची जास्त वजनाची मुलं २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ३.४. शहरात ४.२, खेड्यात ३.२. अंतर जेमतेम एक टक्क्याचं. आणि हे आकडे वजन-उंचीचे. माझा तो खोकलेवाला त्यांत कधीच सापडला नसता.

पश्चिमेकडे सोसायटीच्या आवारात मोटारी उभ्या, चेंडू आणायला मनाई. पूर्वेकडे गल्लीच एवढी अरुंद की धावायचं कुठे? पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट मात्र दोन्हीकडे दाराशी लटकलेलं. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असले तेलकट, खारट, गोड पदार्थ विकू नयेत, असा २०२० चा केंद्रीय नियम आहे. तेवढं अंतर कोणी मोजल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

त्या आईने विचारलं, “मग ह्याचं जेवण कमी करू का?” मुळीच नाही. उसळ, अंडं, भाकरी पोटभर द्या. पाकीट बंद करा आणि रोज तासभर घाम येईपर्यंत खेळू द्या. “कुठे?” ती म्हणाली. मी शिवाजी पार्क म्हटलं, तर तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिची संध्याकाळ कामावर जाते.

आता माझ्या टेबलावर वजनकाट्याशेजारी शिंप्याची टेप असते. ती उचलली की आधी आयाच पोट आत ओढून घेतात.