विम्याचे माप आपल्या वहीत
(नांदेड-लातूर जिल्ह्यांच्या बैठकीतील भाषण)



पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. तिथल्याच वि. म. दांडेकरांनी १९७६ साली पीक विम्याचा हिशेब मांडला. एकेका बांधावर जाऊन नुकसान मोजणे कुणालाच परवडणार नाही. म्हणून पीक कापणी प्रयोगातून साऱ्या टापूचे सरासरी उत्पन्न काढा; ते नेहमीपेक्षा घटले तर सगळ्या विमाधारकांना सारख्या प्रमाणात भरपाई द्या. १९८५ ची योजना याच पायावर आली. तीत ज्वारी होती, कापूस नव्हता. कापूस आला १९९९ च्या योजनेत.

हिशेब चोख आहे, पण त्याला दुसरी बाजू आहे. आपले रान वाहून गेले आणि मंडळाची सरासरी टिकली, तर पदरात काय? २०२५ च्या खरिपात सरकारने एक रुपयाचा विमा बंद केला. कापसाला पाच टक्क्यांपर्यंत, ज्वारीला दोन टक्क्यांपर्यंत हप्ता आपल्यावर आला, आणि भरपाई मंडळाच्या उत्पन्नावर ठेवली. म्हणजे मुखेड असो की अहमदपूर, मोजक्या प्लॉटांवरचा तराजू साऱ्या मंडळाचे पैसे ठरवतो.

तो तराजू आम्ही एकट्या सरकारी माणसावर का सोडावा? कापणीची तारीख आधी विचारू. त्या दिवशी गावातले चौघे प्लॉटवर उभे राहू. वजन आपल्या वहीत लिहू, खाली सह्या घेऊ. भरपाईसाठी भांडायला कागद लागतो. तो कागद आपणच तयार करायचा आहे.