साठाला साठ जागा, आणि उसाचा उतारा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून आघाडीत जायचं की नाही हे चाललंय. जागावाटपावर दोन तास गेले, उसाच्या दरावर दहा मिनिटं. म्हणून मी आज मॉरिशसची हकीकत सांगणार आहे. देश आपल्या दोन-तीन तालुक्यांएवढा, पीक ऊस. तो लावायला बिहारी, तमिळ, तेलुगू मजुरांबरोबर आपल्या रत्नागिरीकडची माणसंही गिरमिटावर गेली. त्यांचे वंशज तिथं आजही मराठी म्हणूनच ओळखले जातात.

१९३६ मध्ये डॉ. मोरिस क्युरे यांनी तिथं मजूर पक्ष काढला. दीड वर्षात उसाचं भांडण पेटलं. छोटे शेतकरी 'उबा' जातीचा ऊस लावत. शेतकी शिकलेला माणूस म्हणून सांगतो, उबा म्हणजे बारीक, चिवट, हलक्या रानात तगणारा; पण साखर कमी, चोथा जास्त. १९३७ मध्ये कारखानदारांनी त्याचा दर १५ टक्क्यांनी कापला. (आपल्याकडे २६५ ची नोंद घ्यायला काही कारखाने कशी टाळाटाळ करत होते, ते आठवा.) शेतकरी आणि मजूर उठले. युनियन फ्लाकच्या मळ्यावर गोळीबार झाला, चौघं मेले. १९४३ मध्ये बेल व्ह्यूला पुन्हा गोळ्या चालल्या, त्यात अंजली कुपेन ही गरोदर बाई गेली.

या लोकांना तेव्हा मत नव्हतं. १९४८ मध्ये साधं लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळालं, तेव्हा बिसुनदयाल बंधूंच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव लोकांना अक्षरं गिरवायला लावली. निवडणुकीची अशी तयारी मी दुसरीकडे ऐकली नाही. सगळ्यांना मत मिळालं १९५९ मध्ये. १९६७ मध्ये स्वातंत्र्याच्या प्रश्नावर मजूर पक्षानं आणखी दोन पक्षांना घेऊन आघाडी केली आणि ६२ पैकी ३९ जागा जिंकल्या. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला, शिवसागर रामगुलाम पंतप्रधान राहिले.

इथून पुढं नीट ऐका. मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकात तीन जागा आणि मतदाराला तीन मतं. लोक आघाडीचे तिन्ही उमेदवार एकदम निवडतात, त्यामुळं वारं फिरलं की सगळंच जातं. १९८२ मध्ये एमएमएम आणि पीएसएम या डाव्या पक्षांच्या आघाडीला सुमारे ६४ टक्के मतं पडली आणि बेटावरच्या साठच्या साठ जागा मिळाल्या! चौदा वर्षांचे पंतप्रधान रामगुलाम स्वतः पडले. पण वर्ष व्हायच्या आत आघाडी फुटली. समोर विरोधकच उरला नव्हता, भांडायला आपलेच. १९८३ मध्ये पुन्हा निवडणूक झाली. एमएमएमला ४६ टक्के मतं, आणि निवडून आलेल्या जागा १९. जी मोजणी काल तारत होती तिनंच आज मारलं.

१९९५ मध्ये मजूर पक्ष आणि एमएमएम एकत्र, पुन्हा साठाला साठ. १९९७ मध्ये फारकत. २०१४ मध्ये पुन्हा हातात हात, तेव्हा १३ जागांवर घसरले. २०२४ मध्ये पुन्हा एकत्र, पुन्हा साठ. आजचा मित्र उद्या समोर आणि परवा परत मांडीला मांडी, हे तिथं कोणाला नवल वाटत नाही.

मग शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं? बरंच पडलं, पण ते साठाला साठ मिळाले म्हणून नव्हे. तिथं उसापासून निघालेल्या साखरेचा ७८ टक्के हिस्सा ऊसवाल्याचा, २२ टक्के कारखान्याचा. काटा आणि उतारा तपासायला सरकारी लवाद यंत्रणा आहे. आपल्याकडे उतारा कारखाना सांगेल तो! तिकडं कितीही आघाड्या फुटल्या तरी हिस्सा शाबूत राहिला, कारण तो कायद्यात होता, कोणाच्या जाहीरनाम्यात नव्हता.

एक गोष्ट मात्र कुठल्याच आघाडीला थोपवता आली नाही. १९७५ पासून युरोप त्यांची साखर ठरलेल्या चढ्या दरानं घेत होता. २००६ ते २००९ या काळात युरोपनं तो दर ३६ टक्क्यांनी उतरवला. कारखाने बंद होत होत तीन उरले. कितीतरी छोट्या शेतकऱ्यांनी ऊस सोडला, रानं पडीक पडली. साखरेचा ७८ टक्के वाटा हातात होता, पण साखरच स्वस्त झाली.

आघाडी करू नका असं मी म्हणत नाही. १९६७ ला ते एकेकटे लढले असते तर काय झालं असतं, कोण जाणे. पण जेवणानंतर जागांचा कागद काढू नका. आधी प्रत्येक तालुक्यानं काटा, उतारा आणि हिस्सा यांवर आपली मागणी एका पानावर लिहून द्यावी. ते पान जो पक्ष सही करून परत देईल, त्याच्याशीच जागांचं बोलू. माझ्याकडं कोरे कागद आहेत, इथून घेऊन जा.